सुळेभावी, आठ कोटी ऐंशी लाख

रविवारी लॅब बंद असते.
किल्ली मागून घेतली, आप्पांना आणलं.
चपला दाराबाहेर काढून ते आत आले,
एसीचं गार लागलं तसं मुंडाशाचं टोक गळ्याभोवती घेतलं,
आणि खुर्ची असताना
विहिरीच्या काठावर बसतात तसे
टाचांवर बसले.

मी पट्टी डावीकडं ओढली.
हिमालय बसत बसत सपाट झाला,
तिथं समुद्र आला,
आणि दावं सुटलेल्या बैलासारखा
आपला देश मागं मागं जात
विषुववृत्ताखाली उतरला.

दर पाच लाख वर्षांना एक चित्र.
एकशे शहात्तर चित्रं,
माझं एक अख्खं वर्ष.
दोन चित्रांच्या मधलं
यंत्र अंदाजानं भरतं.

अगदी डाव्या टोकाला आप्पांनी बोट नेलं.
"ह्ये कोण चिकटलंय आपल्याला?"
मादागास्कर, मी म्हटलं. भाऊच म्हणा.
"वाटणी कवा झाली?"
आठ कोटी ऐंशी लाख वर्षं झाली.
"भांडून?"
ते कसं कळणार, आप्पा.
"कळतंय की. कड बघ कशी फाटल्या.
मापून केलेली वाटणी न्हवं ही."

मग सहा कोटी साठ लाखांवर थांबले.
हितं बघा, ह्या लाल ठिपक्यावरनं जमीन सरकली,
खालनं आग आली,
तुम्ही जन्मभर फोडलेला काळा दगड तो हाच.
आप्पा बराच वेळ गप्प.
"एकदम न्हाई आली."
काय?
"आग. काळा दगड लागतोय, मग वीतभर तांबडं,
भट्टीतल्या विटंगत भाजलेलं, मग परत काळा.
थांबत थांबत आल्या ती.
मधी पाऊस पडलाय. गवत उगवलंय.
आणि समद्याच्या बुडाला आपल्याकडं पांढरा वाळूचा दगड,
त्यो तर हिच्या आदीचा."

ते गवत माझ्याकडं नाही.
ते दोन चित्रांच्या मधल्या फटीत
उगवून जळून गेलं.

मी वेग सांगितला: आता वर्षाला पाच सेंटिमीटर.
त्यांनी डावा अंगठा पुढं केला.
मुचंडीच्या मळ्यात घण चुकला तेव्हा नख गेलं होतं,
परत यायला सहा महिने लागले.
दस्तगीर मुल्ला सुरुंग भरायचा
आणि आप्पा नुसती वरनं दोरी धरायचे.
मी मनात हिशोब केला.
अडीच सेंटिमीटर.
त्या नखाच्या मुदतीत
दोरी, दस्तगीर, मळा, सगळंच
तेवढं उत्तरेला गेलं.

गावाचा ठिपका टाकायचा तर यंत्र नाव विचारतं,
मग राज्य: यादीतून निवडा.
तो रकाना मी वर्षभर रिकामा ठेवलाय.
रोज लाल अक्षरांत सूचना येते,
रोज मी ती मिटवते.
ह्या गावातल्या पाट्यांवर
डांबराखाली किती थर आहेत
ते आप्पांनाही सांगता येणार नाही.

"आता म्होरं ओड."
पुढचं खरं नसतं, आप्पा.
यंत्र फक्त आजची चाल लांबवतं.
"ओड तरी."

आई कन्नड घरातली.
तिच्या तोंडी भावी म्हणजे विहीर.
माझ्या मराठीच्या पुस्तकात
भावी म्हणजे अजून न आलेलं.
लहानपणी मला वाटायचं
आपलं गाव अजून व्हायचंय,
आणि आप्पा रोज सकाळी पहार घेऊन
तेच खणायला जातात.

पट्टी उजवीकडं गेली. एक कोटी. दोन कोटी.
महासागर अरुंद होत होते, रुंद होत होते.
आप्पांचं लक्ष नव्हतं.
"ह्येच्यात पाणी कुठं दावतंय?"
निळं आहे की सगळं.
"त्ये खारं. खालचं इच्यारतोय."
खालचं नाही दाखवत.

ते उठले, गुडघे वाजले.
पडद्याला कान लावला,
उलट्या बोटानं दोनदा टकटक केलं,
बरोबर आमच्या ठिपक्यावर.
"पोकळ वाजतंय," म्हणाले.
"लागंल."